मदत हवी आहे: रात्री बोळात उभी राहणारी गाडी कशी जपायची? (साखर पेठ, सोलापूर)

कडकभाकरी:
जुनं घर आहे. दार अरुंद, वर दोन पायऱ्या, म्हणून गाडी आत जात नाही. रात्री ओट्याला लागून बोळातच असते. २०१६ ची स्प्लेंडर प्लस, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक, त्यामुळे डिस्क लॉकचा प्रश्नच मिटला. सध्या फक्त हँडल लॉक. बजेट तीन-साडेतीन हजार. साखळी, जीपीएस की सायरन? समोरच विजेचा खांब आहे, त्याला बांधली तर चालेल का?

चाटीगल्ली१३:
खांबाला अजिबात नको. पावसाळ्यात लोखंडी खांबात करंट उतरला तर तो साखळीतून थेट गाडीत येतो.

हँडल लॉक कुलपात धरूच नका. आतली खीळ बोटाच्या पेराएवढी, जोराचा हिसका सोसत नाही. गाडी दोन तऱ्हांनी जाते: एक, चालू करून, दोन, उचलून छोट्या हत्तीत घालून. स्प्लेंडरचं वजन एकशे दहा किलोच्या आसपास, दोघातिघांना जड नाही. पहिल्याला छुपा स्विच (लपवलेलं बटण, ते दाबल्याशिवाय इंजिन चालू होत नाही) पुरतो, दुसऱ्याला जमिनीत रोवलेली कडीच लागते. सायरन दोघांनाही अडवत नाही. मांजर सीटवर चढलं तरी वाजतो, आठवड्यात गल्ली ऐकेनाशी होते.

साखळी हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळते ती घेऊ नका. ती मऊ लोखंडाची, ८ मिमीची असली तरी बोल्ट कटरखाली सहज तुटते. कडक केलेल्या पोलादाची, किमान १० मिमी कडीची हवी. दुकानात खात्री करायची तर टोकाच्या एका कडीवर कानस फिरवून बघा. कानस घसरली तर माल कडक, चरा पडून भुगा निघाला तर परत ठेवा. कुलपाची दांडीही तेवढीच जाड पाहिजे, नाहीतर साखळीचे पैसे वाया.

कडकभाकरी:
कडी रोवायची कशात? ओट्यावर शहाबादी फरशी आहे. ड्रिल मारून अँकर बोल्ट बसेल का?

थापीओळंबा:
नाही बसणार. बोल्ट आवळताना फुगतो आणि शहाबादी पापुद्र्यासारखी उकलते. शिवाय जुन्या ओट्यांत फरशीखाली माती-मुरूमच असतो, बोल्ट धरायला काहीच नाही.

ओट्याच्या कडेची एक फरशी काढा. एक फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट खोल खड्डा घ्या. १६ मिमीची सळई यू आकारात वाकवून दोन्ही पाय खाली बाहेरच्या बाजूला वळवा आणि पायांना एक आडवी सळई वेल्डिंग करून घ्या. सरळ पायांची सळई हलवून हलवून उपसता येते, वळवलेली नाही. माल १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी), सिमेंट तेरा-चौदा किलो लागेल. यूचा वरचा भाग साखळी जाईल एवढाच वर ठेवा, जास्त वर राहिला तर पहार घालायला जागा मिळते. सात दिवस पाणी मारा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये करणार असाल तर वर ओलं पोतं टाकून ठेवा, नुसतं शिंपडलेलं तासाभरात उडून जातं. आणि हे सगळं आपल्या ओट्याच्या हद्दीत हं, गटारापलीकडे महापालिकेचा रस्ता.

प्लग_पॉइंट:
छुप्या स्विचबद्दल. स्विच कुठे घालायचा हे गाडीच्या इग्निशनवर ठरतं. चावी बंद ठेवून इग्निशन स्विचचा कपलर काढा, गाडी न्यूट्रलला, आणि किक मारा. चालू झाली तर इग्निशन स्विचकडून सीडीआयला (प्लगची ठिणगी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) येणारी वायर अर्थ झाल्यावर इंजिन बंद पडतं अशी रचना आहे. मग सीडीआयजवळच तिला वेगळी वायर जोडून, छुप्या स्विचमधून चासीला अर्थ द्या. चालू झाली नाही तर सीडीआयला बारा व्होल्ट पुरवणारी वायर तोडून मध्ये स्विच घाला. चुकीच्या जागी घातला तर चावीच्या वायरी ओढल्या की तुमचा स्विचही निकामी.

स्विच हेडलाइटच्या डोममध्ये किंवा सीटखाली नको, हात आधी तिथेच जातो. जोड नुसता पिळून टेप मारू नका. सोल्डर करून वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी), नाहीतर पहिल्या पावसात गाडी मिसिंग करेल. बीएस-६ इंजेक्शनच्या गाड्यांना हा उद्योग करू नये. तिथे रात्री फ्युएल पंपाचा फ्यूज काढून घरात न्यायचा, काम तेवढंच होतं.

जीपीएस नंतर बघा. ट्रॅकर उभ्या गाडीतही २० मिलिअँपिअर ओढत असेल तर दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-अवर जातो. ३-४ अँपिअर-अवरची बॅटरी आठवडाभरात झोपते. स्लीप मोड असलेलाच घ्यावा, आणि सिमचं रिचार्ज संपलं की तो डबा फक्त वजन.

चाटीगल्ली१३:
इन्शुरन्स कोणता आहे ते बघितलं का? नुसता थर्ड पार्टी असेल तर चोरीचा एक रुपया मिळत नाही. ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा लागतो. क्लेमला दोन्ही मूळ चाव्या मागतात, म्हणून दुसरी चावी आत्ताच शोधून ठेवा. चोरी झालीच तर आधी ११२, त्याच दिवशी एफआयआर, लगेच कंपनीला लेखी कळवणं. तपास लागला नाही तर पोलिसांचा ‘ए समरी’ अहवाल निघतो, तो मिळेपर्यंत कंपनी अडून बसते.

कडकभाकरी:
कडी आणि साखळी ठरलं, स्विच पुढच्या महिन्यात. साखळी किती लांब, आणि कुठून घालू?

चाटीगल्ली१३:
दीड मीटर पुरे. मागच्या चाकातून आणि स्विंग आर्ममधून (मागचं चाक धरणारा लोखंडी दांडा) घेऊन कडीला. पुढच्या चाकाला नको, एक नट काढला की चाक तुमच्याकडे आणि गाडी त्याच्याकडे. साखळी ताणून, जमिनीला न टेकवता बांधा. फरशीवर पडलेलं कुलूप हातोड्याला ऐरणीवर ठेवल्यासारखं सोपं जातं. वजन साडेतीन किलोच्या आसपास भरेल, रोज सोबत न्यायची गरज नाही, दिवसा कडीलाच राहू द्या.

कुलपाचं भोक खाली करून ठेवा आणि त्यात तेल सोडू नका. आपल्या धुळीत तेलाचा चिखल होऊन चावी अडकते. ग्रॅफाइट पावडर घाला, नसेल तर पेन्सिलीचं शिसं खरवडून.