साउंड कार्ड आणि मदरबोर्डवरचा ऑडिओ यांचा संघर्ष : बायोसमध्ये नेमके काय बदलावे?

प्रश्न (सदस्य : कॅसेटवाला)

नमस्कार. विंडोज ९८ सेकंड एडिशन चालणारा एक जुना संगणक मी पुन्हा वापरात आणला आहे. त्यात अॅथलॉन प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी आणि अॅवॉर्ड बायोस (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारा, उपकरणे ओळखणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) असलेला मदरबोर्ड आहे. घरी असलेल्या कीर्तनांच्या कॅसेट लाइन-इनमधून उतरवून घेता याव्यात म्हणून त्यात एक पीसीआय (मदरबोर्डवर जास्तीची कार्डे जोडण्याची पद्धत) साउंड कार्ड बसवले आहे. ते एजीपी या खास स्लॉटमधल्या डिस्प्ले कार्डाला लागून असलेल्या पहिल्या पीसीआय स्लॉटमध्ये आहे, आणि नेटवर्क कार्ड सर्वांत खालच्या स्लॉटमध्ये आहे.

अडचण अशी की, ध्वनिमुद्रण सुरू असताना हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकला की नेमका त्याच क्षणी ‘टक्’ असा आवाज मुद्रित होतो, आणि खिडकी सरकवली तरी खरखर येते. डॉसमधील (विंडोजच्या आधीच्या प्रणालीतील) जुने प्रोग्राम तर कार्ड सापडतच नाही असे सांगतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे उद्गारचिन्ह कोठेही नाही, मात्र ‘आयआरक्यू होल्डर फॉर पीसीआय स्टीअरिंग’ अशा नोंदी अनेकदा दिसतात (आयआरक्यू म्हणजे उपकरण ज्यावरून प्रोसेसरचे लक्ष वेधते तो व्यत्यय-क्रमांक). हाच संघर्ष म्हणायचा का? बायोसमध्ये काय बदलावे?

उत्तर (सदस्य : स्लॉट-तीन)

त्या ‘होल्डर’ नोंदी निरुपद्रवी आहेत, त्यांना हात लावू नका. पीसीआयमध्ये दोन उपकरणांनी एकच आयआरक्यू वापरणे मान्यच असते. पीसीआयच्या आधीच्या आयएसए पद्धतीच्या कार्डांना तशी मुभा नव्हती, आणि ‘आयआरक्यू एक झाला म्हणजे बिघाड झाला’ ही समजूत त्या काळातून चालत आली आहे. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांमागे मला दोन वेगळ्या गोष्टी दिसतात, आणि त्या एकत्र गृहीत धरून बायोसमधले दिसेल ते बदलत गेल्यास काय उपयोगी पडले हे कधीच कळणार नाही.

पहिली गोष्ट डॉसची. संगणक सुरू होताना, विंडोजचा पडदा येण्याआधी, पीसीआय उपकरणांची यादी क्षणभर झळकते. तेथे पॉज कळ दाबून ती थांबवा. ‘मल्टिमीडिया डिव्हाइस’ दोनदा दिसले, तर मदरबोर्डवरचा अंगभूत ऑडिओ (एसी९७) अजून जागा आहे. वेंडर क्रमांक ११०६ आणि डिव्हाइस क्रमांक ३०५८ अशी नोंद असल्यास तो व्हिया कंपनीच्या साउथब्रिजमधला (डिस्क, पोर्ट इत्यादी सांभाळणाऱ्या मदरबोर्डवरच्या चिपमधला) ऑडिओ होय. अशा बोर्डांच्या बायोसमध्ये ‘इंटिग्रेटेड पेरिफेरल्स’खाली ‘ऑनचिप साउंड’ किंवा ‘एसी९७ ऑडिओ’ असा पर्याय असतो. तो ‘ऑटो’वर ठेवू नका, बोर्डावर कोडेक (ध्वनीचे आकड्यांत आणि आकड्यांचे ध्वनीत रूपांतर करणारी) चिप असेल तर ‘ऑटो’ म्हणजे चालूच. त्याच पानावरचा ‘ऑनबोर्ड लेगसी ऑडिओ’ही बंद करा, कारण तो पत्ता २२०, आयआरक्यू ५ आणि डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता माहिती हलवण्याचा मार्ग) १ आपल्या नावावर राखून ठेवतो, आणि तुमच्या कार्डाच्या डॉस ड्रायव्हरला साउंड ब्लास्टरची नक्कल करण्यासाठी बहुधा हेच तीन आकडे हवे असतात. खरा संघर्ष येथे आहे, आणि विंडोजचे ड्रायव्हर वेगळ्या मार्गाने चालत असल्यामुळे डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याची खूण दिसत नाही.

दुसरी गोष्ट स्लॉटची. पीसीआयला व्यत्ययाच्या वायरी चारच असतात, त्यामुळे पाच-सहा स्लॉट असले की काहींना वाटेकरी मिळतोच. बहुतेक बोर्डांवर पहिला पीसीआय स्लॉट एजीपीचा वाटेकरी असतो, आणि खिडकी सरकवताना येणाऱ्या खरखरीचे कारण तेथे असू शकते. मॅन्युअलमधला वाटणीचा तक्ता पाहून कार्ड मधल्या स्लॉटमध्ये हलवा. त्यानंतर ‘पीएनपी ओएस इन्स्टॉल्ड’ला ‘नो’ आणि ‘रीसेट कॉन्फिगरेशन डेटा’ला ‘एनेबल्ड’ करून सेव्ह करा. दुसरा पर्याय एकदा काम करून आपोआप पुन्हा बंद होतो. कॉम २ हा सिरियल पोर्ट वापरात नसेल तर तोही बंद करा, म्हणजे आयआरक्यू ३ मोकळा होईल.

उत्तर (सदस्य : उत्तरपूल)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण ‘पीसीआय लेटन्सी टायमर’ राहिला. दुसरे उपकरण बससाठी (पीसीआय कार्डांच्या सामाईक माहितीमार्गासाठी) ताटकळत असताना आधीच्या उपकरणाने ती किती घड्याळठोके धरून ठेवावी, हे त्या आकड्यावर ठरते. ३३ मेगाहर्ट्झच्या बसवर एक ठोका सुमारे ३० नॅनोसेकंदांचा असल्यामुळे ३२ म्हणजे साधारण एक मायक्रोसेकंद आणि ६४ म्हणजे दोन. ३२ वर खरखर राहिली तर ६४ करून पाहा. १२८ च्या पुढे जाण्यात अर्थ नाही, कारण मग नेटवर्क कार्डासारखी उपकरणे बस अडवून बसतात आणि साउंड कार्डाचा बफर (ध्वनी तात्पुरता साठवण्याची जागा) वेळेवर रिकामा होत नाही.

काहीही बदलण्यापूर्वी साउथब्रिजच्या चिपवरील अक्षरे मात्र वाचा. ६८६बी प्रकारच्या साउथब्रिजबाबत २००१ च्या सुरुवातीस एक दोष जाहीरपणे चर्चेत आला होता : दोन आयडीई (डिस्क जोडण्याच्या) चॅनलमध्ये मोठ्या फाइल्स कॉपी करताना माहिती बिघडत असे, आणि काही साउंड कार्डे बसवलेली असताना ही तक्रार अधिक ऐकू येई. त्यावर बायोसची सुधारित आवृत्ती आणि व्हियाचे ४-इन-१ ड्रायव्हर असे उपाय आले. तुमचा साउथब्रिज तोच असेल, तर कॅसेटचे मुद्रण दुसऱ्या संगणकावर उतरवून ठेवल्याखेरीज पुढे जाऊ नका. खरखर पुसता येते, बिघडलेली फाइल परत मिळत नाही.

कॅसेटवाला

दोघांचेही आभार. यादीत ‘मल्टिमीडिया डिव्हाइस’ खरोखरच दोनदा होते. साउथब्रिज ६८६बी नाही. ऑनबोर्ड ऑडिओ आणि लेगसी ऑडिओ बंद केल्यावर डॉसमधील प्रोग्रामांना कार्ड सापडले. कार्ड तिसऱ्या स्लॉटमध्ये हलवल्यावर खिडकी सरकवतानाची खरखरही गेली. लेटन्सी ३२ वरून ६४ केल्याने काही फरक जाणवला नाही, म्हणून ती परत ३२ वर आणली. डिस्कवर लिहिताना येणारी टकटक मात्र तशीच आहे.

स्लॉट-तीन

मग उरलेला दोष बहुधा बायोसमध्ये नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्ड डिस्कचे ‘प्रॉपर्टीज’ उघडून ‘सेटिंग्ज’ पानावर ‘डीएमए’ची चौकट पाहा. विंडोज ९८ मध्ये ती अनेकदा रिकामीच असते, आणि मग डिस्कवर जाणारा प्रत्येक शब्द प्रोसेसरला स्वतः वाहून न्यावा लागतो; तेवढ्या वेळात ध्वनीचा बफर वेळेवर रिकामा होत नाही. खूण करून संगणक पुन्हा सुरू करा. खूण आपोआप नाहीशी झालेली दिसली, तर चिपसेटचा आयडीई ड्रायव्हर आधी टाकावा लागेल.