शब्दचर्चा : कोर्स कठीण, अवघड, खडतर की जाचक?

मेनरोडवाला
मंडळी, एका शब्दावर अडलोय. गोल्फच्या यूएस ओपनवर क्रीडापुरवणीसाठी लेख लिहितोय. विषय जुनाच : अव्वल व्यावसायिक खेळाडूंसाठी मोठ्या स्पर्धेचा कोर्स किती टफ असावा? लिहिता लिहिता एके ठिकाणी 'कठीण' आलं, पुढे 'अवघड' आणि शेवटी 'खडतर'. वरून निरोप आला की एकच काय ते ठेवा. मला तिन्ही सारखे वाटत नाहीत, पण फरक सांगायला गेलो की गाडी अडते. आणखी एक, कोर्सला सरळ 'मैदान' म्हटलं तर?

पंचवटीकर
आधी मैदानाचं मिटवू. नाशकात तरी हा शब्द वापरू नका. आपल्या 'गोल्फ क्लब'चं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान होऊन जमाना झाला, तरी रिक्षावाल्याला 'गोल्फ क्लब'च सांगावं लागतं. तिथे रणजीचे सामने होतात, सकाळी लोक ट्रॅकवर फेऱ्या मारतात, गोल्फ तेवढं कुणी खेळत नाही. शिवाय मैदान म्हणजे सपाट आणि मोकळं. गोल्फच्या कोर्सला चढ-उतार असतात, झाडी असते, ओढे असतात, वाळूचे खड्डे असतात. 'कोर्स' रुळलाय, तोच ठेवा.

आता तुमचे तीन शब्द. कठीण हा वस्तूचा गुण. नारळाचं कवच कठीण, गणिताचा पेपर कठीण. अवघड हे मुळात जागेला आणि वाटेला लागतं, जिथे पाय नीट टेकत नाही तिथे. मांडी घालून बसल्यावर पाय अवघडतो, पोटुशी बाई अवघडलेली असते. खडतर मात्र एका क्षणाचं नसतं. तप खडतर, प्रवास खडतर, नशीब खडतर. त्यात काळ मुरलेला असतो.

तुमच्या लेखात तिन्ही लागतील. ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, कठीण, आणि ते अगदी शब्दशः, कारण पाणी तोडून जमीन इतकी टणक करतात की चेंडू पडला की उसळून पुढे जातो. रफमधून, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतातून, मारायचा फटका अवघड, कारण एक पाय वर, एक खाली, चेंडू गवतात बुडालेला. आणि चार दिवसांची ७२ होल्स (रोज अठरा भोकं) खडतर. एकच ठेवा म्हणणाऱ्याला हे दाखवा.

सातपूर_सेकंडशिफ्ट
शब्द कुठलाही ठेवा दादा, पण त्या लोकांना घाम फुटला पाहिजे. २०२४च्या पीजीए चँपियनशिपला झँडर शॉफली २१ अंडर, म्हणजे पारपेक्षा (कोर्सला ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा) २१ फटके कमी, मारून जिंकला. ही काय स्पर्धा झाली? आपण रात्री जागून बघायचं आणि ते आपले फिरायला आल्यासारखे होलमागून होल एकेक फटका वाचवत बर्डी मारत सुटलेत. यूएस ओपन जिंकणारा प्लसमध्ये, म्हणजे पारच्या वर (ओव्हर), असला की मला बरं वाटतं. कोर्स कसा आहे ते जिंकणाऱ्याच्या स्कोअरवरून कळतं, त्याला शब्दकोश कशाला?

मेनरोडवाला
तुमच्यासारख्यांसाठी लेखात यादीच दिलीय. १९७४ची यूएस ओपन, विंग्ड फूट कोर्स, हेल अर्विन ७ ओव्हर मारून विजेता. १९९९ची ब्रिटिश ओपन कार्नुस्टीला, पॉल लॉरी ६ ओव्हर आणि वर प्लेऑफ. तिथेच १९ वर्षांच्या सर्जिओ गार्सियानं पहिल्या दिवशी ८९ मारले आणि आईच्या गळ्यात पडून रडला. २००७ ओकमाँट, अँगेल काब्रेरा ५ ओव्हर. २०२५ला पुन्हा ओकमाँट, पाच इंच वाढवलेलं गवत, आणि अख्ख्या मैदानात पारच्या खाली एकटा जे. जे. स्पॉन, तोही एकनेच.

पंचवटीकर
'अख्ख्या मैदानात'! आत्ताच तर ठरलं होतं.

पिंपळगाव_बागाईतदार
सातपूरवाले, स्कोअरवरून कोर्स कळतो म्हणता, तर हे सांगा. २००० सालची यूएस ओपन, पेबल बीच. टायगर वुड्स १२ अंडर. दुसऱ्या क्रमांकावर एर्नी एल्स आणि मिगेल अँगेल हिमेनेझ, दोघेही ३ ओव्हर. एकच कोर्स, तेच चार दिवस, तेच वारं. मग कोर्स सोपा की कठीण? विजेत्याचा आकडा बघाल तर सोपा. त्याला बाजूला काढलं तर पारच्या खाली एकही माणूस उरत नाही.

आणि 'पार' तरी कुठे दगडावरची रेघ आहे? पेबल बीचचं दुसरं होल एरवी पार ५. त्या वर्षी आयोजकांनी ते पार ४ म्हणून खेळवलं आणि कोर्सचा पार ७२चा ७१ झाला. जमीन तीच, खड्डे तेच, फटके तेवढेच. चार दिवसांत प्रत्येकाचा हिशेब नुसत्या कागदावर चारनं बिघडला. टायगरचे १२ जुन्या मापानं १६ झाले असते. तुम्हाला जे प्लस बघून बरं वाटतं, त्यातलं काही असं छापखान्यात तयार होतं.

सातपूर_सेकंडशिफ्ट
हे माहीत नव्हतं. पण मग मापायचं कशानं? काहीतरी गेज असेलच ना.

पिंपळगाव_बागाईतदार
कोर्स रेटिंग आणि स्लोप, अशी दोन मापं आहेत. रेटिंग म्हणजे शून्य हँडिकॅपच्या, म्हणजे फटक्यांची सवलत न लागणाऱ्या पट्टीच्या, खेळाडूला त्या कोर्सवर साधारण किती फटके लागावेत. स्लोप ५५पासून १५५पर्यंत, सर्वसाधारण कोर्स ११३चा. लोकांची गल्लत इथेच होते. १४५ स्लोप म्हणजे कोर्स सगळ्यांना कठीण असं नव्हे. पट्टीच्या खेळाडूच्या मानानं साध्या हौशी माणसाला तो किती जास्त भारी जातो, तेवढंच स्लोप सांगतो. म्हणून मेनरोडवाले, शब्द कोणताही घ्या, 'कुणाला' हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. तळ्यावरून दोनशे यार्ड चेंडू उडवायचा असेल तर हौशी खेळाडू खिशात जादा चेंडू घेऊन येतो. व्यावसायिक त्या तळ्याकडे बघतसुद्धा नाही. त्याला छळायचं तर भोक ग्रीनच्या अगदी कडेला कापावं लागतं.

कॉलेजरोड_मास्तर
उशिरा आलो. चर्चा चांगली चाललीय, पण सगळे 'किती' यात अडकलेत. प्रश्न 'कशासाठी' असाही आहे, आणि त्याला मराठीत तयार शब्द आहे : कस.

संस्कृत कष म्हणजे सोनं घासून पाहायचा दगड. त्याची पट्टी ती कषपट्टिका, आणि तिचीच झिजून झाली कसोटी. आपल्या सराफ बाजारात जुनी माणसं अजून काळ्या दगडावर दागिना ओढून रेघ बघतात. दगड सोन्याला शिक्षा करत नाही. बावीस कॅरेट आणि अठरा कॅरेट यांची रेघ वेगळी उमटते, दगडाचं काम तिथे संपलं. दोन्हींची रेघ सारखीच दिसायला लागली तर दगड बदलावा लागतो, मग तो कितीही टणक असो.

१९७३ला ओकमाँटवर जॉनी मिलरनं शेवटच्या दिवशी ६३ मारले आणि पुढच्याच वर्षी विंग्ड फूटला ते ७ ओव्हर झालं. लोक म्हणाले, मिलरच्या ६३चा आयोजकांनी हा सूड उगवला. तेव्हा स्पर्धेच्या समितीचे प्रमुख होते सँडी टेटम. त्यांनी दिलेलं उत्तर आजही सांगितलं जातं, ते साधारण असं : जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंची आम्हाला फजिती करायची नाही, ते कोण हे ओळखायचंय. मराठीत याला 'कस पाहणं' म्हणतात. खेळाडूचा कस लागतो, तो कसाला उतरतो किंवा उतरत नाही.

म्हणून माझी सूचना : 'कस पाहणारा कोर्स'. 'कसोटी' टाळा, क्रीडापानावर वाचक त्याचा अर्थ पाच दिवसांचं क्रिकेट असाच घेईल. 'कसदार'ही नको. कसदार जमीन म्हटलं की पिंपळगाववाले कांदा लावायला येतील.

पिंपळगाव_बागाईतदार
मास्तर, आमच्याकडे द्राक्षं.

पंचवटीकर
'कस पाहणारा' आवडला. मग कोर्स कस न पाहता नुसताच छळत असेल, तर त्याला काय म्हणायचं? 'अन्यायी' जड होतं. 'क्रूर' म्हटलं की बातमी भाषांतरित वाटते.

कॉलेजरोड_मास्तर
जाचक. आपण 'जाचक अटी' म्हणतो ना? अट कडक असली म्हणून जाचक होत नाही. तिच्यामागे हेतू उरला नाही, नुसता त्रास उरला, की ती जाचक.

सातपूर_सेकंडशिफ्ट
थांबा, हे पटत नाही. जाच सगळ्यांना सारखाच असेल तर त्यात वाईट काय? सगळे एकाच कोर्सवर खेळतात. आमच्याकडेही मशीन जुनं असतं, पण तिन्ही शिफ्टला तेच असतं. कोण चांगला काम करतो ते त्यावरही कळतं.

मेनरोडवाला
सारखा नसतो, हाच तर लेखाचा गाभा आहे. २०१८, शिनेकॉक हिल्स, यूएस ओपनचा शनिवार. टोनी फिनाऊ आणि डॅनियल बर्गर दोघेही ४५व्या क्रमांकावर, म्हणून सकाळी लवकर बाहेर पडले. दोघांनी ६६ मारले. नंतर ऊन चढलं, वारा वाढला, ग्रीन्स वाळत गेल्या. दुपारी डस्टिन जॉन्सन चार फटक्यांची आघाडी घेऊन उतरला आणि ७७ मारून परतला. संध्याकाळी बघतात तर फिनाऊ आणि बर्गर आघाडीवर, जॉन्सनच्या बरोबरीनं. तुमच्या भाषेत सांगायचं तर पहिल्या शिफ्टला मशीन एक आणि दुसऱ्या शिफ्टला दुसरंच. त्याच दिवशी १३व्या ग्रीनवर फिल मिकेल्सननं उतारावरून घरंगळणाऱ्या चेंडूमागे धावत जाऊन चालता चेंडूच मारला. दोन फटक्यांचा दंड आणि होलवर १०. परिस्थिती हाताबाहेर गेली होती हे पुढे आयोजकांनीही मान्य केलं.

त्याच कोर्सवर २००४ला, शेवटच्या दिवशी सातव्या ग्रीनवर चेंडू थांबेचना. शेवटी खेळ चालू असताना, एक जोडी गेली की पुढची येईपर्यंत, ग्रीनवर पाणी मारावं लागलं. म्हणजे आधी खेळून गेलेल्याला कोरडी ग्रीन आणि मागच्याला ओली.

सातपूर_सेकंडशिफ्ट
हे मात्र चुकीचं. दोन शिफ्टला दोन मशीन देऊन उत्पादन मोजायचं नसतं.

पंचवटीकर
इथे आणखी एक शब्द लागेल. जाचक झाला तो कोर्स नव्हे. शिनेकॉक तोच, २०१८लाच रविवारी ग्रीन्सना पाणी दिलं आणि लोक पुन्हा नीट खेळले. बदलते ती त्या दिवशीची तयारी : गवत किती कापलं, पाणी किती दिलं, भोक कुठे पाडलं, टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, किती मागे नेली. याला 'मांडणी' म्हणा. पटावर सोंगट्या मांडतात तशी. 'कोर्स खडतर, पण शनिवारची मांडणी जाचक', असं वाक्य होतं.

पिंपळगाव_बागाईतदार
मांडणी मोजायचंही साधन आहे, आणि त्याची गोष्ट याच वादातून निघाली. १९३५ला ओकमाँटच्या यूएस ओपनला एडवर्ड स्टिम्पसन नावाचे एक हौशी खेळाडू प्रेक्षक म्हणून गेले होते. जीन सॅराझेन या खेळाडूनं भोकाकडे हलकेच मारलेला चेंडू ग्रीनवरून घरंगळत थेट बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, गेला. स्टिम्पसनना वाटलं, हा वेग अवाजवी आहे, पण सिद्ध कसं करणार? घरी जाऊन त्यांनी लाकडी पन्हळ बनवली. आता ती ॲल्युमिनियमची असते, तीन फूट लांब, वरच्या टोकाला चेंडूपुरती खाच. ग्रीनवर आडवी ठेवायची आणि एक टोक हळूहळू उचलायचं. साधारण २० अंशांना चेंडू आपोआप खाचेतून सुटतो. हातानं ढकलायचं नाही. मग तो किती फूट गेला ते मोजायचं, उलट दिशेनंही तेच करायचं आणि सरासरी काढायची. साध्या क्लबात ९-१० फूट येतात. मोठ्या स्पर्धेत त्याच्या बरेच वर.

गंमत अशी की अवाजवी वेग पकडायला काढलेलं हे साधन आता क्लबवाले मिरवायला वापरतात. आमची ग्रीन १२ला पळते, आमची १३ला.

कॉलेजरोड_मास्तर
'अवाजवी' छान आठवलंत. जाचकापेक्षा मवाळ आणि जास्त नेमका. वाजवीच्या पलीकडे गेलं, एवढंच तो म्हणतो.

मेनरोडवाला
असं वाक्य केलंय, बघा : 'व्यावसायिकांसाठी कोर्स कस पाहणारा हवाच, पाच इंच गवतातून अवघड फटका मारायला लागावा, कठीण ग्रीनवर चेंडू थांबवणारा आणि न थांबवू शकणारा वेगळा दिसावा. पण सकाळी उत्तम मारलेला फटका थांबतो आणि दुपारी तसाच फटका घरंगळतो, तेव्हा मांडणी अवाजवी झाली असं समजावं.' खडतर शब्द १९९९च्या कार्नुस्टीसाठी राखून ठेवलाय.

पंचवटीकर
'मारायला लागावा' नव्हे, 'मारावा लागावा'. बाकी उत्तम.

सातपूर_सेकंडशिफ्ट
वाक्य ठीक आहे, पण शीर्षकात 'घाम फोडणारा कोर्स' ठेवा. 'कस पाहणारा' वाचून आमच्या लाइनवरचं कुणी पान उघडणार नाही. आणि काहीही म्हणा, २१ अंडर मला अजून पटत नाही.

मेनरोडवाला
शीर्षक डेस्क देतो, दादा. माझ्या हातात मजकूर, तोही साडेसहाशे शब्द.