मदत हवी आहे: एफवायच्या मुलांना माहिती साक्षरता (माहिती शोधणं आणि पारखणं) शिकवायला काहीतरी वेगळं सुचवा

नमस्कार मंडळी, मी पुण्यात एका आर्ट्स-कॉमर्स कॉलेजात ग्रंथपाल आहे. ओरिएंटेशनला लायब्ररीला एक तास मिळतो, त्यात कार्ड कसं काढायचं, ओपॅक (लायब्ररीची ऑनलाइन पुस्तकयादी) कसं बघायचं, लेट फी किती हे सांगून होतं आणि मुलं मागे रील्स बघत बसतात (त्यांचं तरी काय चुकतं म्हणा). यंदा मराठीच्या मॅडमनी त्यांचे दोन तास द्यायचं कबूल केलंय, तर स्लाइड्स न दाखवता मुलांकडूनच काहीतरी करून घ्यायचंय.

एक डोक्यात आहे ते पुराचं. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडाल्याचे जुनेच व्हिडिओ आत्ताचे म्हणून फिरतात. प्रत्येक गटाला असा एकेक फॉरवर्ड द्यायचा आणि माहिती पडताळणी शिकवणारे माइक कॉलफील्ड यांची सिफ्ट पद्धत वापरायला लावायची, म्हणजे आधी थांबा, टाकणारा कोण ते बघा, बाकी ठिकाणी काय आलंय ते शोधा, मूळ व्हिडिओ गाठा. इथे मोबाईल हातात असलेला बराच.

दुसरं मला जास्त आवडलंय पण धाकधूक आहे. सार्वजनिक गणेशोत्सव कुणी सुरू केला? एक बाजू म्हणते भाऊसाहेब रंगारी, १८९२, दुसरी म्हणते टिळक, १८९३, आणि २०१७ ला शतकोत्तर रौप्यमहोत्सवाच्या वेळी यावरून केवढा वाद झाला ते आठवत असेलच. निकाल द्यायचाच नाही, फक्त कुठल्या दाव्यामागे काय कागद आहे, तो त्या काळातला की नंतर कुणी लिहिलेला, आणि लिहिणाऱ्याचा त्यात काय संबंध, एवढंच फळ्यावर मांडायचं. एसीआरएलच्या (अमेरिकेतल्या कॉलेज ग्रंथालयांची संघटना) २०१६ च्या माहिती साक्षरतेच्या फ्रेमवर्कमध्ये कुणाचं म्हणणं कधी ग्राह्य धरायचं ते संदर्भावर ठरतं असं जे म्हटलंय ते व्याख्या सांगून एफवायला ढिम्म कळणार नाही, यातून कळेल. पण निम्मी पोरं कुठल्या ना कुठल्या मंडळाची नाहीतर ढोल-ताशा पथकातली, वर्गातच जुंपली तर प्रिन्सिपल सर मलाच केबिनमध्ये बोलावणार.

चॅटजीपीटीकडून संदर्भयादी मागवून ती शोधगंगेत (पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन साठा) आणि ओपॅकवर खरंच सापडते का बघायचं, हेही आहेच, पण ते आता सगळेच करतात.

तर कुणी असा वादाचा विषय वर्गात घेतलाय का, आणि पोरांना आपापल्या बाजूवरून उठवून कागदाकडे कसं वळवलं? विषयच बदलावा म्हणत असाल तर पुण्यातलाच दुसरा सुचवा, पानिपत नको, त्यात तर शिक्षकच भांडतात. शिवाय मार्क नसताना मुलं दुसऱ्या तासाला थांबतात का? एस्केप रूमचं (कोडी सोडवून कुलपं उघडायचा खेळ) कुणीतरी सुचवलं होतं पण कुलपं-पेट्यांना बजेट नाही. मराठीत वर्कशीट असेल कुणाकडे तर प्लीज टाका, इंग्रजीतली ढीगभर आहेत.