मदत हवी आहे : नव्या टॉवरमुळे पायी चालणाऱ्यांचं काय होणार, हे कुठे विचारायचं?

नमस्कार मंडळी. पुण्यात आमच्या सोसायटीशेजारी मोठं गृहसंकुल येतंय. नकाशात पार्किंगचा हिशोब चोख आहे, राज्याच्या २०२० च्या एकात्मिक बांधकाम नियमावलीत त्याचा तक्ताच आहे म्हणा! पण बसथांब्यापर्यंत फूटपाथ सलग आहे का, रस्ता ओलांडायचा कुठून, याचा नकाशात उल्लेखही नाही. आईला रोज चालत थांबा गाठावा लागतो, म्हणून जास्त टोचतं.

पुणे महापालिकेचं २०१६ चं पादचारी धोरण आहे. २००६ चं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणही वाहनांपेक्षा माणसांना प्राधान्य द्या म्हणतं. बांधकाम परवानगीच्या टप्प्यावर यांचा आधार घेऊन कुणी हरकत नोंदवली आहे का? अर्ज बांधकाम विभागाकडे करायचा की पथ विभागाकडे? मसुदा असेल तर प्लीज पाठवा.