मदत हवी आहे: कार्डाचं कर्ज आणि किराणा

नमस्कार मंडळी, सासूबाईंच्या ऑपरेशनचं बिल क्रेडिट कार्डावर भरलं, त्यातले १,४०,००० अजून बाकी आहेत, महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे वर्षाचे ४२, वर व्याजावर १८ टक्के जीएसटी, नुसतं मिनिमम ड्यू (बिलातली किमान भरायची रक्कम) भरून मुद्दल हलतच नाही. पर्सनल लोन काढून कार्ड एकदम फेडावं की बाकी रकमेचे कार्डावरच ईएमआय, म्हणजे मासिक हप्ते, करून घ्यावेत, कोणी केलंय का?

आणि पाच माणसांचा किराणा १४ हजारांवरून १० वर आणायचाय. सिंहगड रोडवरून मार्केट यार्डात जाऊन भुसार बाजारातून महिन्याचं धान्य भरलं तर रिक्षाचे पैसे धरून खरंच परवडतं का? दहा मिनिटांत घरपोच देणारी ॲप्स काढून टाकलीत. सासूबाईंचं दूध, फळं मात्र कमी करणार नाही, ते सोडून कुठे हात आखडता घेऊ ते प्लीज सांगा.