मदत हवी आहे: मुलं 'बिग रेन', 'हार्ड टी' लिहितात. इंग्रजी विशेषण-नामाच्या जोड्या कशा शिकवाव्यात?

पाटीपेन्सिल:
पाचवी-सहावीच्या मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजी शिकवते. व्याकरण बरं आहे, शब्दही वयाच्या मानाने पुरेसे येतात. पण निबंधात 'बिग रेन', 'मोअर फीवर', 'हार्ड टी', 'चीप प्राइस' सर्रास दिसतं. 'जोड्या लावा'मध्ये मात्र हीच मुलं पैकीच्या पैकी गुण घेतात. आठवड्याला किती जोड्या घ्याव्यात, कोणत्या क्रमाने, आणि "बिग रेन का नाही?" असं मुलांनी विचारलं तर काय सांगावं?

रानजाई:
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करा. फळ्यावर लिहा: सोसाट्याचा __, मुसळधार __, मिट्ट __, कडाक्याची __, लख्ख __. मुलं पटापट भरतील. मग विचारा, 'मुसळधार वारा' का म्हणत नाही? कारण सांगता येणार नाही, पण कानाला खटकलेलं असेल. इंग्रजीतही असंच चालतं एवढं त्यांना पुरे. तुमच्यासाठी म्हणून सांगते: याला कोलोकेशन म्हणतात. जे. आर. फर्थ यांनी ही संज्ञा 1950च्या दशकात भाषाशास्त्रात रुजवली. त्यांचे विद्यार्थी हॅलिडे यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे: चहा 'स्ट्राँग', गाडी 'पॉवरफुल'. अर्थ जवळचे, तरी अदलाबदल चालत नाही.

आता क्रम. विशेषणाकडून नामाकडे जाऊ नका, नामाकडून विशेषणाकडे या. मुलाला लिहिताना आधी सुचतो तो पाऊस, 'हेवी' नव्हे. त्यामुळे वहीत एका नामाला एक पान द्या. आठवड्याला चार नामं, प्रत्येकाला दोन विशेषणं, म्हणजे आठ जोड्या. याहून जास्त घेतल्या की आधीच्या पुसल्या जातात. निबंधात हटकून येणारी नामं निवडा: रेन, विंड, टी, फीवर, व्हॉइस, ट्रॅफिक, हेअर, प्राइस, मिस्टेक.

दुसरं विशेषण शक्यतो विरुद्ध अर्थाचं घ्या. 'हेवी'चा विरुद्धार्थी 'लाइट' एवढंच पाठ केलं तर मुलं फसतात, कारण विरुद्धार्थही नामाप्रमाणे बदलतो. स्ट्राँग टी – वीक टी, पण स्ट्राँग विंड – लाइट विंड. रफ सी – काम सी, पण रफ पेपर – स्मूद पेपर. हाय फीवर – स्लाइट फीवर. हा शेवटचा 'बारीक ताप' मुलं हमखास 'स्मॉल फीवर' करतात.

खडूची पेटी:
यात एक भर घालतो. जोडी सुटी लिहून घेऊ नका, 'अ'सकट लिहून घ्या. 'अ हाय फीवर', 'अ बॅड कोल्ड', पण 'हेवी रेन', 'हेवी ट्रॅफिक', 'थिक हेअर' यांच्या आधी काही नाही. नाहीतर विशेषण बरोबर येतं आणि 'अ हेवी ट्रॅफिक' किंवा 'थिक हेअर्स' उरतं. ते नंतर सुधारायला दुप्पट वेळ लागतो.

'जोड्या लावा' फसवा आहे. पाचास पाच दिले की शेवटची जोडी न येताही जुळते. त्याऐवजी चार नामांसमोर सात विशेषणं द्या, किंवा विशेषणाचं पहिलं अक्षर देऊन बाकीचं रिकामं ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे मराठी वाक्य द्या: 'काल खूप पाऊस पडला.' परीक्षेत चूक होते ती इथेच, म्हणून सराव इथेच हवा. उजळणी त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने, दर वेळी पान झाकून.

पाटीपेन्सिल:
'मोठा' या एका शब्दाचं वेगळं पान करायचा विचार होता: मोठा पाऊस, मोठा आवाज, मोठा भाऊ, मोठा रस्ता. हे पहिल्याच आठवड्यात घ्यावं का?

खडूची पेटी:
घ्या की. चूक तिथूनच निघते, मूळ आधी दाखवलेलं बरं.

रानजाई:
मी इथे असहमत आहे. हेवी, लाउड, एल्डर, वाइड हे चारही एकाच दिवशी नवे असतील तर 'लाउड रेन' आणि 'हेवी व्हॉइस' तयार होतात. सारखे अर्थ एकत्र शिकवले की ते एकमेकांत मिसळतात. आधी चारही जोड्या आपापल्या नामाच्या पानावर पक्क्या होऊ द्या, साधारण महिन्याभराने 'मोठा'चं पान उजळणी म्हणून काढा. टॉल आणि हायचंही तसंच. माणूस आणि झाड टॉल, डोंगर आणि भिंत हाय. इमारतीला दोन्ही चालतं, ते सर्वांत शेवटी सांगा.

'प्राइस'वर मात्र थोडा जास्त वेळ घालवा. वस्तू 'चीप' किंवा 'एक्स्पेन्सिव्ह', किंमत 'लो' किंवा 'हाय'. मराठीत 'स्वस्त किंमत' असं सहसा म्हणत नाहीत, तरी इंग्रजीत मुलं तेच करतात. म्हणून एकाच वस्तूवर दोन वाक्यं लिहून घ्या, एक वस्तूबद्दल, एक किमतीबद्दल.

पाटीपेन्सिल:
वह्या तपासताना काय करावं? आणि मलाच शंका आली तर?

खडूची पेटी:
लाल फुली नको. 'बिग रेन' व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर आहे, फुली मारली की मूल विशेषण वापरणंच सोडतं. नामाखाली नागमोडी रेघ ओढा आणि समासात त्या नामाच्या पानाचा क्रमांक लिहा. दुरुस्ती त्याने स्वतः शोधावी.

शंकेसाठी ऑक्सफर्डचा कोलोकेशन शब्दकोश घ्या. त्यात नाम काढलं की त्याला लागणारी विशेषणं गटागटाने दिलेली असतात. नुसतं गूगलवर शोधून निष्कर्ष काढू नका, चुकीच्या जोडीचेही हजारो निकाल येतात. 'स्ट्राँग विंड' आणि 'हाय विंड्स' दोन्ही सापडतील, दोन्ही बरोबर आहेत. मुलांना पहिलीच द्या.

एक खबरदारी: विशेषण नामानंतर नेऊन वाक्य करायला सांगताना जोडी तपासून घ्या. 'द टी इज स्ट्राँग' ठीक आहे. पण 'ॲन ओल्ड फ्रेंड' म्हणजे जुना मित्र आणि 'माय फ्रेंड इज ओल्ड' म्हणजे म्हातारा मित्र.