मदत हवी आहे: पॉप-रॉकची ‘कंट्री’ झालेली गाणी सुचवा

नमस्कार मंडळी. दर महिन्याला आम्ही पाच-सहा जण गाणी ऐकायला जमतो. या वेळचा विषय माझ्या गळ्यात पडलाय: मूळ पॉप किंवा रॉक, पण पुढे अमेरिकेत कंट्री (तिथल्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेली शैली) म्हणून गाजलेली गाणी.

सुरुवात अर्थातच ‘फास्ट कार’ने. ट्रेसी चॅपमनचं १९८८ चं गाणं ल्यूक कोम्ब्सने २०२३ मध्ये गायलं आणि ते बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. पुरुषाच्या तोंडी असूनही त्याने ‘चेकआउट गर्ल’ (दुकानात बिलं करणारी मुलगी) हे शब्द तसेच ठेवले, हे मला फार आवडलं. त्याच वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनचा ‘साँग ऑफ द इयर’ पुरस्कार गीतकार म्हणून चॅपमनला मिळाला, मूळ गाण्यानंतर तब्बल ३५ वर्षांनी!

शिवाय पॉइंटर सिस्टर्सचं ‘स्लो हँड’ कॉनवे ट्विटीच्या आवाजात, एरोस्मिथचं ‘आय डोन्ट वॉन्ट टू मिस अ थिंग’ मार्क चेसनटचं, आणि क्वीनचं ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ ड्वाइट योकमचं. (हे शेवटचं मुळातच एल्विस प्रेस्लीच्या, कंट्रीच्या जवळच्या वळणाचं, म्हणजे जरा सोपा पेपर.)

आता अडलंय ते असं की यादीत कंट्री गायिका एकही नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकातलं काही सुचेल का? पेडल स्टील गिटार (कंट्रीत नेहमी वाजणारी, सूर घसरवत नेणारी आडवी गिटार) ठळक ऐकू येत असेल तर उत्तमच. आणि कृपया व्हिटनी ह्यूस्टनचं ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ सांगू नका, ते मुळात कंट्री गायिका डॉली पार्टनचं. तिथे प्रवास उलटा आहे.

बैठक रविवारी आहे, तेव्हा जरा लवकर सांगा.